कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या दीपगृहातल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्युझियमच्या पत्त्यावर इंग्रजीत दोन ओळींचं कार्ड टाकलंय, पण त्यात काही मावलं नाही, म्हणून हे मराठीत.

गेल्या महिन्यात मी बाबांना घेऊन तुमच्या सर्फिंग म्युझियममध्ये आले होते. बाबा चिपळूणचे, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर सुतारकाम केलेलं. सॅन होजेला आमच्याकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि वेळ जाईना म्हणून घरातलं प्रत्येक करकरणारं दार त्यांनी घासून नीट बसवलं होतं. विटांच्या दीपगृहातली ती एवढीशी जागा बघून मला वाटलं, दहा मिनिटांत बाहेर पडू. पण बाबा लाटांवर स्वार व्हायच्या, रेडवुड लाकडाच्या एका जुन्या फळीपुढे थबकले, वाकून तिची कड न्याहाळली आणि म्हणाले, "विचार त्यांना, अखंड आहे की सांधलेली?"

तुम्ही खुर्चीतून उठलात, ते दीड तासाने बसलात.

दुभाषी मी, आणि मला ना लाकडातलं कळत ना लाटांतलं. 1885 च्या जुलैत, सॅन मटेओच्या शाळेत शिकणारे हवाईचे तीन राजपुत्र सांताक्रूझला आले, इथल्याच रेडवुडच्या फळ्या घेऊन सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले, हे तुम्ही रंगवून सांगितलंत. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या गावी कुठलं लाकूड वापरायचे?"

मग तुम्ही खरे खुललात. कोआ, नीरफणस, आणि सरदार लोकांच्या लांबलचक 'ओलो' फळ्यांसाठी विलिविली. फोनवर विलिविलीचं झाड दाखवलंत तर बाबा हसायलाच लागले. "अगं, हा पांगाऱ्याचा भाऊ! कुंपणाला लावतो आपण. लाकूड म्हणून कोण विचारतंय त्याला!" हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, हलकं असतं म्हणूनच तर. एवढी लांब फळी कोआची केली तर उचलणार कोण? हवाईचे लोक झाड तोडताना मुळाशी लाल मासा नैवेद्य म्हणून ठेवायचे, दगडी वाकसाने फळी तासायचे, खरखरीत प्रवाळाने घासायचे, वापरून झाली की वाळवून खोबरेल चोळायचे. "आम्ही नारळ देतो झाडाला," बाबा म्हणाले. खोबरेलाला त्यांनी नुसती मान डोलावली.

टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरच्या गोष्टीवर मात्र दोघांचं जुंपलं. जुन्या ओलोसारखी फळी करायची पण वजन नको, म्हणून त्याने भरीव लाकडाला शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड बसवलं. बाबांना ते मुळीच पटेना. "भोकं कशाला? पातळ फळ्यांची पेटी करायची, आत आडव्या पट्ट्या द्यायच्या, झालं!" मी भाषांतर केलं आणि तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. कारण पुढे ब्लेकने नेमकं तेच केलं होतं, त्याचं पेटंटही 1932 मध्ये घेतलं होतं. त्या दिवसापासून घरी 'ब्लेकच्या आधी मी सांगितलं होतं' सुरू आहे. ब्लेक त्यांच्या जन्माआधीचा, हे मान्य करायला ते तयार नाहीत.

फोमच्या फळ्या आणि थंड पाण्यात घालायचे वेटसूट बाबांनी भरभर उरकले. त्यात रंधा मारायला काही नव्हतं.

बाहेर आल्यावर, हे दीपगृह सर्फिंग करताना बुडालेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत त्याच्या आईवडिलांनी बांधलं, हे तुम्ही सांगितलंत. खाली समुद्रात, स्टीमर लेन या सर्फिंगच्या जागी, पोरं लाटेची वाट बघत बसली होती. बाबा बराच वेळ कठड्याशी उभे होते. मग तुम्ही गाडीच्या डिकीतून रेडवुडचा हातभर तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवलात.

तो चिपळूणला पोचला. रंधा मारून झालाय, पण त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. दर रविवारी फोनवर वास कसा येतो ते ऐकावं लागतं. तुम्ही त्या माणसाला दीड तास सुतार म्हणून वागवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

त्यांचा एक प्रश्न राहिलाय. फळीची गाभ्याकडची बाजू पाण्याला लावायचे की वर ठेवायचे? सवडीने कळवा, नाहीतर मला झोप लागू देणार नाहीत.

तुमची,
चिपळूणच्या सुतारांची मुलगी