बैल विकून शिकवलेली पोरं आणि देशाचा नंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले कित्येक महिने पेपरात, टीव्हीवर, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालूय, आपण जगात कितव्या नंबरची इकॉनॉमी झालो. चौथे की पाचवे यावरून तर चांगली माणसं एकमेकांशी भांडतात. मी आयटीआयला टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथ मशीनवरचं काम शिकवणारा, निदेशक होतो, अर्थशास्त्र काही शिकलेलो नाही, पण आमची पोरं रांजणगावला एलजीच्या प्लांटमध्ये लागायला लागली तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातनं जात नाही, की फ्रिज बनवायला कोरियातली माणसं आपल्याकडे कशी आली, आपण त्यांच्याकडे का नाही गेलो? म्हणून मिळेल ते वाचत गेलो.

१९४५ ला राज्य करणारे जपानी कोरिया सोडून गेले तेव्हा तिथं चारातल्या तिघांना लिहिता-वाचता येत नव्हतं. खाणी, मोठे कारखाने, वीज हे बहुतेक सगळं उत्तर कोरियात, दक्षिणेला मुख्यतः भातशेती, आणि मे १९४८ मध्ये उत्तरेनं वीजच तोडली. पुढं १९५० ते ५३ युद्ध झालं, त्यात उरलंसुरलंही गेलं. मशिनरी आणि खनिजं यांच्यावरच देश श्रीमंत होत असता तर आज उत्तर कोरिया पुढं असायला पाहिजे होता ना? पण दक्षिणेचं दरडोई उत्पन्न आज आपल्या दहापटीच्याही वर आहे आणि उत्तरेत लोकांना पोटभर खायची मारामार.

दक्षिणेनं सुरुवात जमिनीपासून केली. १९४९ चा कायदा, साधारण तीन हेक्टरच्या वर जमीन ठेवायची नाही, कुळाला जमीन मिळणार आणि त्यानं पाच वर्षं पिकाचा ३० टक्के हिस्सा भरून ती फेडायची. जमीन स्वतःची झाली, खंड सुटला, मग शेतकऱ्यानं पैसा कुठं घातला तर पोरांच्या शिक्षणात. युद्ध चालू असताना बुसानमध्ये तंबूत शाळा भरत होत्या. कॉलेजच्या फीसाठी लोक गोठ्यातलं जनावर विकायचे, इतके विकायचे की कोरियात युनिव्हर्सिटीला गाईबैलांच्या हाडांचा मनोरा असं नावच पडलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण माझ्या डिप्लोमाच्या वेळी आमच्या वडिलांनीही खिलारी जोडीतला एक बैल विकला होता, आणि उरलेला एकटा बैल चार दिवस नीट वैरण खात नव्हता.

मग स्टीलचं बघा. दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरातल्या स्टील कारखान्याला पैसे द्यायला जागतिक बँक तयार नव्हती, जमणार नाही म्हणाली. मग कोरियानं जपानकडून मिळालेल्या भरपाईचे पैसे त्यात घातले, आणि कारखाना उभा राहायच्या आधीच माणसं ट्रेनिंगला जपानच्या स्टील प्लांटमध्ये धाडली. १९६८ ला कंपनी स्थापन, जून १९७३ ला पहिलं लोखंड भट्टीतून बाहेर. आधी माणूस तयार, मग मशीन. आपल्याकडं मशीन येतं, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो आणि चालवणारा नसतो.

कोणी म्हणेल शाळा तर उत्तर कोरियानंही काढल्या. काढल्या, खरंय. पण शिकलेल्या माणसाला आपला माल जगाच्या बाजारात नेऊन पारखून घ्यायची मुभाच नव्हती. दक्षिणेनं विग विकले, प्लायवूड विकलं, कापड विकलं, १९६४ ला एक्स्पोर्ट १० कोटी डॉलर झाला तेव्हा त्यांनी त्याचा दिवस साजरा केला, आणि गिऱ्हाइकानं माल परत पाठवला की चूक सुधारून पुन्हा केला. दक्षिणेतली त्या वेळची हुकूमशाही मात्र मला नकोय. १९७० मध्ये सोलच्या कपडा बाजारातल्या चोन थे-इल नावाच्या २२ वर्षांच्या कामगारानं कामगार कायदा पाळा म्हणत स्वतःला पेटवून घेतलं, ती किंमत विसरून कोरियाचं कौतुक करू नये.

आणि ही अक्कल आपल्याकडं नव्हती असं कोणी म्हणू नका. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं केली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ ला सक्तीचं आणि मोफत शिक्षण आणलं, म्हणजे कोरियाच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याआधी ३२ वर्षं! देशपातळीवर असा कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं.

माझ्या शेवटच्या बॅचला मी फळ्यावर ०.५ आणि ०.२५ लिहून विचारलं, मोठा आकडा कोणता. निम्मी पोरं म्हणाली पंचवीस. बारावी पास पोरं, हाताला कसब असलेली, पण बारीक माप घ्यायचा व्हर्नियर हातात दिला की रीडिंगच घेता येईना. यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हता आणि आमच्या संस्थेत एक लेथ नुसत्या एका गिअरवाचून दोन वर्षं बंद पडून होतं, अर्ज मी स्वतः लिहिले.

तर संपादक साहेब, एकच विनंती आहे, कितव्या नंबरची इकॉनॉमी ते तुम्ही छापताच, छापा, पण त्याच्याच शेजारी दर महिन्याला एकेका तालुक्याची यादी द्या, शाळांत गणित-विज्ञानाच्या किती जागा रिकाम्या, आयटीआयमध्ये निदेशक किती कमी, मशीन किती बंद. सुरुवात आमच्या शिरूरपासून करा, माहिती गोळा करायला मी आणि माझे तीन जुने सहकारी मोकळेच आहोत.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, शिरूर