ओव्हनमधला कांदा आणि तुझा रिपोर्ट

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल तू आईला व्हॉट्सअपवर विचारलंस की शनिवारी पोरं मॅच बघायला येणारेत, अण्णांनी आमच्याकडे असताना केला होता तो फुलासारखा उघडणारा ओव्हनमधला कांदा कसा करायचा ते पाठवा. ती म्हणाली तुम्हीच लिहा, मला मापं आठवत नाहीत. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं हो अण्णा, हो अण्णा करतोस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. आणि दुसरं असं की परवा ताईने तुझ्या रक्ताच्या रिपोर्टचं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३४२ आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. त्याबद्दल या पत्रात बोलायचं नाही असं ठरवून बसलोय. कांद्याचंच लिहितो.

आधी कांदा निवडायचा. तुमच्या टेक्सासचा तो १०१५ आता एप्रिलमध्ये दुकानात आला असेल, पिवळा, मोठा, गोलसर. १५ ऑक्टोबरला पेरायचा म्हणून १०१५ असं तूच मला त्या शनिवारच्या बाजारात वाचून दाखवलं होतंस, लक्षात आहे माझ्या. तोच घे. गोड असतो, कारण त्याच्यात गंधक कमी आणि पाणी जास्त. आपण शेतात मुद्दाम गंधक देतो कारण आपल्याला कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, पाच-सहा महिने टिकवायचा असतो, तिखटपणा आणि टिकाऊपणा बरोबरच येतात. तुमचा तो टिकत नाही, पण या कामाला बेस्ट. फक्त जोड कांदा घेऊ नकोस. आत दोन डोळे निघाले की पाकळ्या नीट उघडत नाहीत, एकीकडे गठ्ठा राहतो आणि तेवढा भाग कच्चा. मान बारीक आणि सुकलेली पाहिजे, अंग गोल पाहिजे, कुठे फुगीर किंवा मध्ये घळ दिसली की खाली ठेव. हे तुला सांगायची गरज नाही खरं तर. आठवीत होतास तेव्हा चाळीत बल्बखाली बसून तू जोड, फुलाचा दांडा आलेला डेंगळा, बारीक गोल्टी असं निवडायचास, आणि मजुरांच्या आधी तुझं क्रेट भरायचं. नाना म्हणायचा हे पोरगं शेती करणार. मी म्हणायचो करू द्यायची नाही.

बरं. वरून, म्हणजे मानेकडून, बोटभर नको, अर्धं बोट काप. मुळाकडची बाजू अजिबात कापू नकोस, नुसते लोंबणारे केस काढ, कारण सगळा कांदा त्या मुळाच्या चकतीवरच धरून राहतो. साल काढ. मग कापलेली बाजू पाटावर पालथी ठेव, मूळ वर. मुळापासून अर्धं बोट जागा सोडून सुरी घाल आणि सरळ खाली पाटापर्यंत आण. आधी चार बाजूंना चार, मग प्रत्येकाच्या मध्ये एक, मग परत मध्ये एक, असे सोळा काप होतात. सुरी धारदार पाहिजे, तुझी ती हिरव्या मुठीची नाही चालणार. आता उलटा करून पाकळ्या हलक्या हाताने मोकळ्या कर आणि बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडव. पाकळ्या पाणी पिऊन ताठ होतात आणि आपोआप बाहेर वळतात. तुझ्या त्या काचेच्या वाटग्यात तो उघडला तेव्हा आई किती वेळ बघत बसली होती.

यानंतरचं मात्र नीट वाच, इथेच सगळे फसतात. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. भजीला आपण कांदा चिरून मीठ लावून ठेवतो, त्याला पाणी सुटतं, त्याच पाण्यात बेसन भिजतं, वरून थेंब घालायचा नाही, म्हणून खेकडा भजी कुरकुरीत. ओव्हनमध्ये बरोब्बर उलटं. तेल १८० डिग्री सेल्सियसला असलं की सगळीकडून एकदम चटका बसतो आणि पाणी उडून जातं, ओव्हनमध्ये नुसती गरम हवा, ती हळू काम करते. म्हणून कांद्याला आधी मीठ लावायचं नाही. बर्फातून काढला की पालथा घालून पंधरा मिनिटं निथळू दे, मग पेपर टॉवेल पाकळ्यांच्या आत घालून टिप. हे काम कंटाळवाणं आहे पण सोडू नकोस.

पांको म्हणजे तो जपानी पद्धतीचा ब्रेडचा चुरा, तो एक कप. कढईत दोन चमचे तेलावर आधीच गुलाबी भाजून घे. ओव्हनच्या भरवशावर राहिलास तर आत कांदा शिजतो आणि वर चुरा पांढराच राहतो. चुऱ्यात पॅप्रिका, लसूण पावडर, मिरपूड, मीठ. दुसऱ्या ताटलीत अर्धा कप मैदा, थोडं आपलं लाल तिखट. तिसरीत दोन अंडी थोड्या दुधात फेटून. जोश्यांचा पोरगा येणार असेल तर त्याच्यासाठी अंड्याऐवजी बेसन पातळ कालव, ताकाएवढं पातळ, तेही छान चिकटतं. कांद्यावर मैदा भुरभुरायचा, उलटा करून झटकायचा, मग अंडं चमच्याने पाकळ्यापाकळ्यांत सोडायचं, जास्तीचं गळू द्यायचं, मग चुरा. प्रत्येक पाकळी हाताने उचलून आतून लाव. ओव्हन ४०० फॅरनहाइटला आधीच पूर्ण तापलेला पाहिजे. ट्रेवर बेकिंग पेपर, मूळ खाली, वरून फॉइल सैल झाकून पंधरा मिनिटं, त्या वाफेत कांदा मऊ होतो. मग फॉइल काढून अजून पंधरा-वीस मिनिटं, टोकं करपायला लागायच्या आत बाहेर. लगेच खायचा, दहा मिनिटांत मऊ पडतो.

मूळ पदार्थ तळायचाच आहे, आउटबॅक रेस्टॉरंटवाल्यांचा, आपण गेलो होतो तिथे. तो एक कांदा सॉससकट दोन हजार कॅलरीच्या आसपास जातो असं तूच मेन्यू बघून म्हणालास आणि तरी आपण दोन मागवले. तेव्हाच मी आईला म्हटलं होतं की हा रोज बाहेर खातो. म्हटलं होतं ना रिपोर्टचं काढणार नाही. पण सॉस आला की काढावंच लागतंय, कारण त्यांच्या सॉसमध्ये अर्धी वाटी मेयोनीज असतं. तू तसा करू नकोस. ग्रीक योगर्ट पाऊण कप घे, मेयोनीज एकच चमचा चवीपुरतं, केचप एक चमचा, त्यातही साखरच असते, हॉर्सरॅडिश एक चमचा, ते बाटलीतलं पांढरं, नाकात जातं ते. पॅप्रिका, किसलेला लसूण, लिंबू, मीठ. अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू दे. हॉर्सरॅडिश नसेल तर आईने भरून दिलेली सुक्या लसणाची चटणी दीड चमचा घाल, मला तर तीच जास्त आवडली होती.

आणि ओव्हनचा झाला म्हणून तो औषध होत नाही रे. तेल वाचतं, पण मैदा मैदाच आणि ब्रेड ब्रेडच. आपल्या डॉक्टरांना मी तुझे आकडे दाखवले, तुझं नाव न घेता. ते म्हणाले ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत पाहिजे, आणि ते नुसत्या तेला-तुपाने नाही वाढत, साखर, मैदा, रात्री उशिराचं जेवण आणि दारू याने वाढतं. मी काही विचारत नाहीये. मोठा आहेस, तुझं तुला कळतं. पण शनिवारी मॅच बघताना हातात काय असणार हे मलाही कळतं. रात्री अकराला पार्सल मागवायचं, जेवलं की लॅपटॉपवर बसायचं, चालायला वेळ नाही म्हणायचं, आणि रिपोर्ट आला की बहिणीला सांगायचं आणि वर अण्णांना सांगू नको म्हणून बजावायचं. अरे जेवल्यावर अर्धा तास चाललं तर कोणतं काम अडतं तुझं? तुमच्या सोसायटीत तो तलाव आहे, त्याच्याभोवती एवढा चांगला रस्ता आहे, मी तिथे असताना रोज चालायचो, तू एकदाही आला नाहीस.

झालं परत भाषण सुरू. माफ कर बाबा. आई वाचून म्हणाली हे खोडा, पण मी नाही खोडत.

काय होतं, आकडा ऐकला की मला नाना दिसतो. लिलाव आटोपला की विंचूरच्या चौफुलीवरून भजी बांधून आणायचा, तेलाने कागद पारदर्शक झालेला, ट्रॉलीत बसून तुम्हा पोरांना वाटायचा आणि उरलेली सगळी स्वतः. त्यालाही काही होत नव्हतं. अंगाने तुझ्यासारखाच, पोटाला थोडा सुटलेला, हसायचाही तसाच. तो गेला तेव्हाचं त्याचं वय तुला माहितीये. तू आता त्याच्यापासून किती लांब आहेस ते मी मोजत नाही, मोजायला लागलं की झोप येत नाही.

डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, भाव पडले, लिलाव बंद, तेव्हा तू न विचारता गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरलास. मी तेव्हा तुला काही बोललो नाही. गावात मात्र सगळ्यांना सांगितलं. आजही कोणी विचारलं सागर काय करतो, तर मी तुझ्या कंपनीचं नंतर सांगतो, ते आधी सांगतो. असा मुलगा आहे माझा, आणि त्याने रिपोर्ट आला तर मला सांगायला घाबरावं हे मला सहन होत नाही. मी रागावणार नाही. रागावलो तरी फोन ठेवणार नाही.

यंदा उन्हाळ कांदा बरा निघाला. माल एकसारखा, डेंगळे कमी. मधल्या चाळीचे पत्रे बदलले. आईचा गुडघा तसाच आहे.

शनिवारी चौघांत मिळून एकच कांदा कर, बाजूला काकडी-गाजर कापून ठेव, तो सॉस त्याच्याबरोबरही चांगला लागतो. आणि रक्त परत कधी तपासायचंय ती तारीख मला पाठव, ताईला नाही, मला. त्या दिवशी उपाशीपोटी जायचं असतं, आदल्या रात्री लवकर जेव. मी तुमच्या पहाटे उठवायला फोन करीन.

तुझा
अण्णा

ता.क. ओव्हनचं दार उघडताना तोंड बाजूला घे, वाफ एकदम येते. आणि स्वयंपाकघरातला पंखा आधी लाव, नाहीतर मागच्यासारखा तो अलार्म वाजेल.