आईंच्या ताटात पुन्हा वरण वाढायला लावणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाईंना क्रोन हा आतड्याला वारंवार सूज आणणारा आजार आहे आणि गेली नऊ वर्षे त्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाह कमीजास्त होत आला आहे, हे तुम्हांला कागदांवरून ठाऊकच होते. कागदांवर नव्हते ते तुम्ही पाहिलेत, म्हणून तुमचे आभार सर्वांसमक्ष मानावेसे वाटले. या आजाराची वयस्कर माणसे इतरही घरांत आहेत आणि त्यांना रोज ताट वाढणारी माझ्यासारखी माणसेही आहेत.

गेल्या वर्षी आजार उसळला तेव्हा आईंना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. जुलाब थांबले, चेहरा भरला, वजन ५४ किलोंवर टिकले आणि येणारेजाणारे "तब्येत सुधारली हो" म्हणू लागले. आम्हीही तेच मानले. डब्याचे झाकण उघडायला त्या हाक मारतात, मोरीतून बाहेर येताना भिंत धरतात, पूजेला पाटाऐवजी खुर्ची मागतात, हे सारे आम्ही त्यांच्या ६८ वर्षांच्या नावावर घालून मोकळे झालो होतो.

तुम्ही मात्र वजनकाट्यावर विसंबला नाहीत. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलेत. १२ सेकंदांच्या आत व्हावे असे ते काम करायला आईंना २१ सेकंद लागले. मग मुठीची ताकद मोजण्याचे यंत्र त्यांच्या हातात दिलेत. आशियाई स्त्रियांमध्ये १८ किलोंहून कमी पकड दुबळ्या स्नायूंची खूण मानतात, आणि आईंची पकड १२ भरली. चेहऱ्याची गोलाई गोळ्यांमुळे आहे, मांड्यांमधले मांस मात्र दाहाने, त्याच गोळ्यांनी आणि उपासमारीने झिजले आहे, असे तुम्ही शांतपणे सांगितलेत. 'उपासमार' हा शब्द मला फार लागला, कारण वाढणारी मी होते.

पण तो शब्द खराच होता. पूर्वी एका ठिकाणी आम्हांला काय खाऊ नये याची लांबलचक यादी मिळाली होती, आणि प्रत्येक उसळीनंतर भीतीपोटी आम्ही तिच्यात आमची भर घालत गेलो. आधी दूध गेले, मग डाळी, मग भाज्या. उरली ती पेज, मऊ भात आणि साबुदाणा. त्यातून आई माळकरी, महिन्याच्या दोन्ही एकादशा न चुकता करणाऱ्या. तुम्ही तीन दिवसांचे खाणे लिहून आणायला लावलेत आणि वाटीवाटीचा हिशेब मांडलात, तेव्हा दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम प्रथिने निघाली. दाह चालू असताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे आईंना ६५ ते ८० ग्रॅम लागत होती.

एकादशी सोडा, असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल आईंनी मला खास लिहायला सांगितले आहे. साबुदाण्याच्या जागी दुधातली राजगिऱ्याची खीर आणि दही आले, उपवासही राहिला. रोजच्या जेवणात पहिल्या आठवड्यात फक्त ताक, ते सोसले तेव्हा दही, मग घरचे पनीर, मग सालीशिवायच्या मुगाचे घोटलेले वरण, अशी एकेक वस्तू तुम्ही परत आणलीत. आईंच्या आतड्यात अरुंद जागा नाही, हे तपासण्या पाहून खात्री केल्यावरच भाज्या वाढवल्यात. ज्यांच्यात ती असते त्यांना साली, बिया आणि चोथ्याबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते, हेही बजावलेत.

नुसते खाऊन भागणार नाही, दाह आटोक्यात नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, हे समजावून तुम्ही आईंची औषधांबद्दलची टाळाटाळ थांबवलीत. आजारी भाग नेमका बी-१२ शोषून घेणारा असल्याने ते आणि लोह, ड जीवनसत्त्व तपासावे, असे डॉक्टरांना स्वतः कळवलेत. बी-१२ची इंजेक्शने तेव्हापासून सुरू आहेत. दाहासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध निवडायची वेळ आली तेव्हा त्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका केवळ वयावरून ठरवू नये, दुर्बलताही मोजावी, हे तुम्ही मांडलेत आणि डॉक्टरांनी ते मानले. आम्हा घरच्यांना तो प्रश्न विचारता येतो, हेसुद्धा ठाऊक नव्हते.

सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीतून उठणे आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणे आईंनी सोडलेले नाही. सहा महिन्यांनी, गेल्या भेटीत, पकड १७ भरली. पूजेला त्या पुन्हा पाटावर बसतात. उठताना एक हात अजून जमिनीला टेकावा लागतो. पुढच्या महिन्यात यंत्र पुन्हा हातात द्याल तेव्हा १८चा आकडा स्वतः वाचून दाखवायचा, असे त्यांनी मनाशी धरले आहे.

आपली कृतज्ञ,
एका माळकरी सासूची सून