त्या मुलाचे सगळे कागद बरोबर होते: परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अठरा वर्षांच्या मुलांना न शिकवता, न तपासता मिळणारं पहिलं लायसन्स

मा. महोदय,
स.न.वि.वि.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर कॉलेजला निघाली होती. राज्यमार्गाच्या फाट्यावर एका कारनं तिच्या स्कूटरला उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला आहे. कार चालवणारा मुलगा नुकताच अठरा पूर्ण झालेला. पोलीस ठाण्यात हवालदारांनी त्याचे कागद चाळले आणि मला म्हणाले, "मॅडम, लायसन्स आहे, इन्शुरन्स आहे, पीयूसी आहे. कागदात काही खोट नाही."

मुलगा विनालायसन्स असता तर मी त्याच्या आईवडिलांशी भांडले असते. पण त्याला गाडी चालवता येते असं तुमच्या खात्यानं लिहून दिलं आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तो मुलगा त्याच्या आईला घेऊन दवाखान्यात आला होता. रडत होता. मी त्याला विचारलं, बाळा, गाडी कुठं शिकलास? म्हणाला, "क्लास लावला होता मावशी. पण क्लच-ब्रेक सरच दाबायचे, मी नुसतं स्टेअरिंग धरायचो." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो, हे तुम्हाला सांगायला नको. हायवेला कधी गाडी काढली होतीस का? नाही. संध्याकाळी, अंधारात? नाही. टेस्टच्या दिवशी काय करायला लावलं? "मैदानात एक फेरी मारली, रिव्हर्स घ्यायला सांगितलं, झालं." आठवड्याभरात लायसन्स पोस्टानं घरी आलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी मुलगी त्याच्या गाडीखाली आली.

हे सगळं कसं चालतं ते मी स्वतः पाहिलं आहे, कारण मुलीचं शिकाऊ लायसन्स काढताना मी सोबत होते. नेटकॅफेवाल्यानं आधार नंबर घेतला, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला, रस्ता सुरक्षेचा सक्तीचा व्हिडिओ लावला, त्याचा आवाज बंद केला आणि दुसऱ्या टॅबमध्ये कुणाचा तरी सातबारा काढायला घेतला. व्हिडिओ संपल्यावर म्हणाला, "ताई, पेपर मीच सोडवतो. फेल झाली तर परत पैसे भरायला लागतील." मी नको म्हटलं. मुलगी स्वतः बसली, स्वतः पास झाली. तिच्यामागे थांबलेल्या मुलांचे पेपर मात्र त्यानंच सोडवले, त्यातला एक तर बाहेर चहा पीत उभा होता. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की सहा महिन्यांचं शिकाऊ लायसन्स हातात. २०२१ च्या जूनमध्ये ही घरबसल्या परीक्षा आपल्या राज्यात मोठ्या समारंभानं सुरू झाली. आरटीओच्या चकरा वाचल्या, हे मान्य. पण परीक्षा कोण देतंय हे बघायला समोर कुणी बसलेलंच नाही. त्याला परीक्षा कसं म्हणायचं?

मी माध्यमिक शाळेत शिकवते, शाळेचं आरएसपीचं, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलचं काम माझ्याकडे आहे. आठवी-नववीच्या मुलांना चौकात उभं करून हात कसा दाखवायचा, झेब्रा क्रॉसिंगवर कोण आधी, ॲम्ब्युलन्स आली तर काय करायचं, हे मी शिकवते. दहावी झाली की ते संपतं. अकरावी-बारावीत त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. आणि ज्या वयात हातात खरी गाडी येते, त्या वयात सरकार त्यांना एक मुका व्हिडिओ दाखवतं. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना साजरा होतो. तुमच्या खात्याकडून आम्हाला पत्र येतं: पोस्टर स्पर्धा घ्या, रांगोळी काढा, शपथ द्या, फोटो पाठवा. आम्ही फोटो पाठवतो.

नियम नाहीत असं नाही, नियम मी वाचले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलनं हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस शिकवायचं आहे, त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची आहे. वाहतुकीचे नियम, इंजिनाची माहिती, प्रथमोपचार, सगळं अभ्यासक्रमात आहे. मुलीच्या क्लासमध्ये भिंतीवर चिन्हांचा तक्ता होता, कोपऱ्यात कापून उघडं केलेलं इंजिन होतं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर बोटभर धूळ. एका गाडीत चार मुलं बसवायचे, प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं. बाकीच्या वेळात मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघायचं. पैसे मात्र पूर्ण कोर्सचे. आणि गंमत पाहा, खासगी कारच्या लायसन्ससाठी या क्लासचं प्रमाणपत्र सक्तीचंच नाही. शिकाऊ लायसन्सला ३० दिवस झाले की कुणीही जाऊन पक्क्या लायसन्सची टेस्ट देऊ शकतो. त्या ३० दिवसांत त्यानं किती तास गाडी चालवली, कुणाबरोबर चालवली, रात्री चालवली की पावसात चालवली, याची एका ओळीचीही नोंद कुणी मागत नाही.

टेस्टचंही तेच. नियम १५ मध्ये उमेदवारानं काय काय करून दाखवायचं याची लांबलचक यादी आहे. आरसा नीट लावणं, चढावर थांबून पुन्हा गाडी सुरू करणं, ओव्हरटेक करणं, दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणं, योग्य वेळी इशारा देणं. मैदानातल्या एका फेरीत यातलं काय तपासलं जातं? मैदानात चढ नाही, ओव्हरटेक करायला समोर गाडी नाही, फाटा नाही, एसटी नाही, उसाची ट्रॉली नाही. मग इन्स्पेक्टरनं सही कशावर केली?

२०१९ मध्ये व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट केंद्र सरकारनं काढून टाकली. तेव्हा सांगितलं होतं की शाळेच्या दाखल्यापेक्षा प्रशिक्षण आणि कौशल्याची चाचणी महत्त्वाची, यापुढे भर त्यावर असेल. मला ते पटलं होतं. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार मुलं घरच्या परिस्थितीनं शाळा सोडून ट्रॅक्टर-टेम्पोवर गेली आहेत, त्यांची अडवणूक नको. मग १ जुलै २०२१ पासून अधिकृत वाहनचालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले: हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर, सिम्युलेटर, स्वतंत्र ट्रॅक. कागदावर वाचताना बरं वाटलं. आमच्या तालुक्यातल्या मुलानं यातलं काही पाहिलेलं नाही. शिक्षणाची अट गेली, प्रशिक्षण आलंच नाही. उरलं काय, तर फी आणि कार्ड.

आणि याचा हिशेब कोण देतं? २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५ हजारांहून जास्त माणसं गेली. रोज चाळीसच्या वर. देशात पावणेदोन लाखांच्या घरात. देशातली ३० टक्के लायसन्स बोगस आहेत, हे खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी २०१९ मध्ये संसदेत सांगितलं. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. माझ्या मुलीला ज्यानं उडवलं त्याचं लायसन्स बोगस नाही, अगदी अस्सल आहे. अशी अस्सल लायसन्स किती टक्के आहेत ते एकदा मोजा.

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शनं दोन तरुण इंजिनिअर मारले गेले, तेव्हा बाल न्याय मंडळानं त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. सगळा महाराष्ट्र पेटला. तेव्हापासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ चे फलक सगळीकडे दिसतात: अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. चांगला कायदा आहे, राबवा. पण अठराव्या वाढदिवसाला त्या मुलात काय फरक पडतो? आदल्या दिवशी त्याला गाडी दिली तर बाप तुरुंगात, आणि महिन्याभरानं तुम्हीच त्याला न शिकवता गाडी देता. तुमच्यासाठी कलम कुठलं?

पोरं गाडीवर का जातात हेही ऐका. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडीच येत नसेल तर पास घेऊन काय करायचं? सकाळची एसटी बंद झाली म्हणून मी कर्ज काढून मुलीला स्कूटर घेतली. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची सोय आहे, तशी गाडी आज एखाद्या शोरूममध्ये मला दाखवा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटरला तर लायसन्सच लागत नाही. माझ्या नववीतल्या मुली त्या घेऊन राज्यमार्गावरून शाळेत येतात, डोक्यावर हेल्मेट नसतं. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण खात्याची की परिवहन खात्याची, हे दोन्ही खात्यांनी एकमेकांना पत्रं लिहून ठरवावं. तोवर मी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोलते, तेवढंच माझ्या हातात आहे.

ऑपरेशनच्या वेळी आम्हाला कुणीतरी सांगितलं, केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातानंतर ७ दिवस, दीड लाखापर्यंत. दवाखान्याच्या काउंटरवर विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे तसं काही नाही, आधी डिपॉझिट भरा. माझ्या पाटल्या मोडल्या. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, तिचं सेमिस्टर बुडालं. रात्री कूस बदलायची असली की मला हाक मारते आणि वेदनेपेक्षा संकोचानं रडते, कारण एकोणीस वर्षांच्या मुलीला आईनं भांडं द्यावं लागतं. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायला हवा, वकील म्हणतात घाई करा, आणि प्रत्येक कागदासाठी मला रजा टाकावी लागते. त्या मुलाच्या घरीही काही बरं चाललेलं नाही. त्याची आई म्हणाली, तो आता गाडीकडे बघत नाही. दोन घरं बसली आहेत, साहेब, आणि तुमच्या कार्यालयात उद्या सकाळी पुन्हा तीच रांग लागणार आहे.

मागणी काय, ते सांगते. शिकाऊ परीक्षा कॉलेजात घ्या, आमच्यासारख्या शिक्षकांच्या देखरेखीखाली घ्या, आम्ही दहावी-बारावीचे पेपर सांभाळतो, हेही सांभाळू. पहिलं लायसन्स काढणाऱ्या मुलाला वर्गातले ते ८ तास सक्तीचे करा आणि अकरावी-बारावीतच मोफत द्या. गाडीवरच्या तासांची नोंदवही ठेवा, त्यावर शिकवणाऱ्याची आणि पालकाची सही घ्या. टेस्ट रस्त्यावर घ्या. नुसतं प्रमाणपत्र सक्तीचं करू नका, त्याचाही दर ठरेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ज्या इन्स्पेक्टरनं पास केलं त्याचं नाव लायसन्सच्या नोंदीत ठेवा, आणि त्या मुलाकडून वर्षाच्या आत गंभीर अपघात झाला तर त्या टेस्टचे कागद आपोआप तपासले जाऊ द्या. नियम केंद्राचे आहेत असं उत्तर कृपया पाठवू नका. कार्यालयं तुमची आहेत, इन्स्पेक्टर तुमचे आहेत.

त्या मुलाची टेस्ट कशी झाली, कुठल्या बाबी तपासल्या, हे मी माहिती अधिकारात विचारलं होतं. उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे, देता येणार नाही. ठीक आहे, त्याचं नाव झाका. त्या दिवशी त्या मैदानावर किती मुलांच्या टेस्ट झाल्या, किती इन्स्पेक्टर होते आणि एका मुलाला किती मिनिटं मिळाली, एवढंच मला लेखी कळवा.

आपली,
एक आई आणि माध्यमिक शिक्षिका