मधुमालतीच्या दाब कलमासाठी माळीकाकांना पत्र

आदरणीय माळीकाका,
सा. न. वि. वि.

साताऱ्याच्या घराच्या फाटकावर आईने चढवलेली मधुमालती आता डोंबिवलीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत फुलली आहे. ही बातमी फोनवर दोन वाक्यांत सांगून माझे समाधान होईना, म्हणून पत्र लिहायला बसले. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण वेल पाहून जो तो रोप कसे केले ते विचारतो आणि कौतुक मात्र दर वेळी माझ्याच पदरात पडते.

गेल्या वर्षी ज्येष्ठात मी तुमच्या रोपवाटिकेत आले, तेव्हा घराचा व्यवहार झालेला होता आणि दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता. त्याआधी दोनदा मी फांद्या छाटून नेल्या होत्या. बाटलीतल्या पाण्यात ठेवलेल्या बुडाशी काळ्या पडून कुजल्या. कुंडीत खोचलेल्यांना आठवड्यात पालवी फुटली आणि मी शेजारीपाजारी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. पण ती पालवी फांदीतल्या साठलेल्या अन्नावर आली होती, खाली मुळाचा पत्ता नव्हता, आणि पंधरा दिवसांत सगळे वाळून गेले. मूळ फुटले का हे पाहण्यासाठी मी त्या दर दोन दिवसांनी उपटून बघत असे, हे तेव्हा तुम्हाला सांगितले नव्हते. तुम्ही ते ओळखले असावे.

तुमच्याकडे मधुमालतीची दोन तयार रोपे विक्रीला होती. ती तुम्ही मला दिली नाहीत. "तुम्हाला ही वेल नको, आईची वेल हवी आहे," असे म्हणून तुम्ही विचारले, "मूळ धरायच्या आधी फांदी आईपासून तोडलीत कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी, तार आणि काडेपेटी घेऊन स्वतः घरी आलात.

तुम्ही दिलेला दाब मला अजून जसाच्या तसा आठवतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहज वाकणारी, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी निवडून तुम्ही तिच्या एका डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, खाली दोनेक सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप घेतलात, तो मिटू नये म्हणून त्यात काडीचा तुकडा अडकवलात, आणि तेवढा भाग जमिनीवर ठेवलेल्या मातीच्या कुंडीत चार बोटे खोल दाबून, वाकवलेल्या तारेने पक्का करून, वर दगड ठेवलात. शेंडा बाहेर, हवेत. जमिनीत न दाबता कुंडीत दाबल्यामुळे पुढे मुळांना धक्का न लावता ती उचलून नेता येणार होती, हे मला फार उशिरा कळले. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना कापापाशी अडते आणि तिथेच मुळे फुटतात, तर लाकडातून येणारे पाणी शेंड्याला मिळतच राहते, हा खुलासा तुम्ही काम करता करता इतक्या सहज केलात की मीच पुन्हा विचारून तो लिहून घेतला.

तीन फांद्या दाबल्या, त्यांपैकी दोन लागल्या. दोन महिन्यांनी तुम्ही मूळ वेलीकडचा भाग एकदम न तोडता आधी अर्धा कापायला लावलात आणि आठवड्याने उरलेला. त्या आठवड्यात एकही पान मान टाकेना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. एक कुंडी धाकट्या बहिणीकडे नाशिकला गेली आणि दुसरी माझ्याबरोबर आली.

इथे आल्यावर ती चढायचे नाव घेईना आणि नुसत्या झुडपासारखी पसरली, म्हणून मी घाबरून फोन केला होता. "आधी झुडूप, मग वेल, हिची रीतच तशी," असे तुम्ही म्हणालात. पुढे वाचनात आले की तिच्या याच वागण्याने १७व्या शतकात आताच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणारा वनस्पती-अभ्यासक रम्फियसही बुचकळ्यात पडला होता, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६२ मध्ये कायम केलेल्या तिच्या 'क्विसक्वालिस' या शास्त्रीय नावाचा लॅटिनमधला अर्थच 'कोण? कसला?' असा आहे. आता तिने ग्रिल पकडले आहे. पान गळल्यावर मागे राहणारा देठाचा टणक काटा गजांत अडकवत ती वर जाते. कपडे वाळत घालताना तो मलाही लागतो, पण तक्रार नाही.

पहिला घोस गेल्या गुरुवारी संध्याकाळी उमलला. रात्री पांढरा, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. आणि अंधार पडल्यावर त्या लांब नळीच्या फुलांपाशी एक मोठा पतंग फडफडत आलेला मी दिवा मालवून पाहिला. वास अगदी फाटकातलाच आहे.

नवीन मालकांनी फाटक पाडले, असे ऐकते. येत्या आषाढात या वेलीची एक फांदी कुंडीत दाबणार आहे. मुळे धरली की ते रोप तुमच्या रोपवाटिकेच्या कुंपणाशी लावण्यासाठी घेऊन येईन. काप मात्र या वेळी मी घेणार. चुकला तर रागवा.

आपली ऋणी,
फाटकावरच्या मधुमालतीवाली