उद्यमनगरच्या मिस्त्री मामांना, तुमचा पाना माझ्याकडंच राहिलाय

मामा, तुम्ही मोबाईल हातात धरत नाही, हे तुमची नात वाचून दाखवंल. जुनी गाडी बघायला आलासा त्या दिवशी पैसे घ्यायचं सोडाच, मिसळीचं बिल पण तुम्हीच दिलंसा, मग आभार तरी नीट मानू द्या.

कोल्हापुरात दसरा चौकात महाराजांची जुनी मेबॅक गाडी बघत मोठा झालेला माणूस मी, जुनी गाडी म्हटलं की अक्कल गहाण. १९५१ ची एमजी टीडी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, लाल, तारांची वायर व्हील चकाचक, मालक म्हणतोय "कंपनीतनं आल्ती तशीच हाय, मॅचिंग नंबर", म्हणजे चासी-इंजिन मूळचंच, आणि मी टोकन द्यायला खिशात हात घातलेला. तुम्ही लांबनंच बघून म्हणालासा, "टीडी पत्र्याच्या डिस्क चाकांवर यायची, ही चाकं हिची न्हवंत."

मग बॉनेटखालच्या प्लेटवर न थांबता तुम्ही या वयात आडवं होऊन चासीच्या डाव्या पुढच्या टोकावरचा रंग घासलासा, खालनं ठोकलेला नंबर निघाला आणि तो प्लेटशी जुळला, मी नाचायचाच बाकी होतो. पण इंजिनाच्या अष्टकोनी पितळी प्लेटवर 'एक्सपीएजी टीएफ'! एक्सपीएजी म्हणजे एमजीच्या इंजिनाचं नाव, टीएफ म्हणजे टीडीच्या पुढचं मॉडेल. म्हणजे इंजिन १२५० सीसीचंच, पण १९५३ पासनं आलेल्या टीएफचं. बोल्टाचं तर मी अजून सगळ्यांना सांगत सुटतो, डोकं व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या पान्याचं आणि आटे मेट्रिक, मिलिमीटरचे, कारण मॉरिसनं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला तिथली मेट्रिक मशिनरी तशीच चालू राहिली. तुमचं म्हणणं, "जिथं १३ चा पाना बसतोय तो बोल्ट मागनं कुणीतरी घातलाय." असले आठ सापडले. दाराखालच्या लाकडाचा जरासा छिलका काढून वास घेतलासा, "ह्यो सागवान, कंपनीचा सांगाडा ॲश लाकडाचा." आपल्याकडच्या कुठल्या तरी सुताराचं काम, आणि खरं सांगू, मला ते आवडलं, सागवान काय वाईट आहे का.

पण आभार खरे पुढच्या गोष्टीचे. मालक हळूच म्हणाला, प्लेट नवी मारून देतो, कोण बघतंय, आणि मी गप्प बसलो. हो, दोन मिनिटं गप्प बसलो मामा, विचार करत होतो. तुमच्या शेडमध्ये नंबर ठोकायच्या पंचचा अख्खा सेट आहे, पण तुम्ही नुसतं हात पुसलंसा आणि "मी निघतो" म्हणालासा. तेवढ्यानं मी ताळ्यावर आलो.

गाडी शेवटी घेतलीच, टीएफ इंजिनाची टीडी म्हणून, त्या हिशोबाच्या भावात. काय काय बदललंय त्याची वही केलीय, सागवानासकट. डिस्क चाकं शोधतोय, चार मिळालीत, स्टेपनी बाकी.

आणि तुमचा व्हिटवर्थचा पाना माझ्या डिकीत सापडला. आणून देणार नाही, रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो, रंकाळ्याला एक चक्कर मारू, मग देतो.