बाई, तुम्ही तो आक्षेप खोडलात

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

चर्चासत्र होऊन तीन आठवडे झाले, तरी तुमची ती पेन्सिल डोळ्यांसमोरून हलत नाही. खाजगी पत्र लिहून भागलं असतं. पण तत्त्वज्ञानातल्या निबंधाला प्रतिसाद कसा द्यावा हे इतक्या क्वचित बघायला मिळतं, की आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

मी वाचलेल्या निबंधाला प्रतिसाद द्यायला तुम्हाला दहा मिनिटं दिली होती. त्यातली पहिली दोन तुम्ही माझाच निबंध पुन्हा मांडण्यात घालवलीत, आणि तेही चार वाक्यांत. अमेरिकी तत्त्वज्ञ गेटियरने १९६३ साली दाखवलेली अडचण (समर्थित विश्वासही निव्वळ योगायोगाने खरा ठरू शकतो) ही ज्ञान म्हणजे ‘समर्थित सत्य विश्वास’ या व्याख्येची अडचण आहे. न्यायदर्शनातल्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतल्या, प्रमेच्या (यथार्थ ज्ञानाच्या) व्याख्येत समर्थन हा घटकच नाही. तिथे प्रश्न असतो तो जाणीव कोणत्या कारणातून उपजली याचा. म्हणून धुळीचा लोट धूर समजून कुणी डोंगरावर अग्नी असल्याचं अनुमान केलं आणि योगायोगाने तिथे अग्नी निघालाच, तरी सर्व नैयायिक (न्यायदर्शनाचे विचारवंत) त्याला प्रमा म्हणायला नकार देतील.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. “बरोबर मांडलं ना? काही सुटलं असेल तर आत्ताच सांगा.” असं विचारून लगेच पुढे जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही खरोखर थांबलात. मी म्हटलं, ‘सर्व’ नाही, ‘काही’. तुम्ही कागदावरचं ‘सर्व’ खोडून वर ‘काही’ लिहिलंत, पान उलटलंत आणि म्हणालात, “मग माझा दुसरा आक्षेप गेला.” आणि त्या अख्ख्या परिच्छेदावर आडवी रेघ ओढलीत.

अर्धं पान होतं ते. त्यामागे किती वाचन असेल याची कल्पना त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला होती. तो आक्षेप ‘सर्व’वर उभा होता, ‘सर्व’ गेल्यावर तो माझ्या निबंधाला लागत नव्हता, एवढाच हिशेब तुम्ही केलात. तरीही “पण समजा, ‘सर्व’ म्हटलं असतं तर...” असं म्हणत तो वाचून दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

याआधीचे अनुभव लिहावेसे वाटत नाहीत, पण ते टाळून तुमचं मोल सांगता येणार नाही. निबंध पंधरा दिवस आधी पोचलेला असतो आणि प्रतिसादक तो चहाच्या वेळेत चाळतात. दहाची पंचवीस मिनिटं होतात, अध्यक्ष चिठ्ठ्या पाठवत राहतात. ‘अमक्या विचारवंताचा उल्लेख नाही’ हा आक्षेप म्हणून खपवला जातो; त्या उल्लेखाने कोणतं विधान बदललं असतं, हे कुणी सांगत नाही. सर्वांत घातक म्हणजे एका दमात मांडलेले सात आक्षेप. वक्ता साहजिकच त्यातल्या सगळ्यात कच्च्या आक्षेपाला उत्तर देतो, वेळ संपते, आणि ज्याने निबंध खरोखर सुधारला असता तो पक्का आक्षेप तसाच पडून राहतो.

तुमचे रेघ ओढून दोनच उरले होते. तुम्ही दोन्ही टिकाऊ आणलेत आणि प्रत्येकाचा मारा नेमका कुठे आहे ते आधी सांगितलंत. आधारविधान खोटं असणं वेगळं, आधारविधानं खरी असून निष्कर्ष त्यातून न निघणं वेगळं, आणि निष्कर्ष निघतो पण इतका बेताचा की तो कुणी नाकारलाच नव्हता, हे आणखी वेगळं. तिघांची दुरुस्ती एक नाही. नुसतं ‘पटत नाही’ म्हटलं की लिहिणाऱ्याने कुठल्या भिंतीला हात घालावा? त्यातल्या एका आक्षेपाचं तुम्ही मापही दिलंत: “हे खरं ठरलं तरी निबंध पडत नाही, फक्त तिसरा भाग आखडतो.”

तो आक्षेप असा होता. निबंधात मी ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्रवेशग्रंथातली व्याख्या आधाराला घेतली आहे, ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः’, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच तिची जाणीव होणं हा यथार्थ अनुभव. डोंगरावर अग्नी आहे आणि जाणीवही तशीच आहे, म्हणजे या व्याख्येने धुळीवरून काढलेलं अनुमानसुद्धा यथार्थ ठरतं. मग त्याला प्रमा म्हणायचं नाही कसं? इथे थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही दोन वाटा दाखवल्यात आणि दोन्हींची किंमत सांगितलीत. ते प्रमाच आहे असं मान्य करायचं, तर खोट्या परामर्शातून (‘अग्नीची खूण असलेला धूर या डोंगरावर आहे’ या जाणिवेतून) खरी अनुमिती, म्हणजे अनुमानाने होणारं ज्ञान, कशी झाली याचा खुलासा द्यावा लागतो. व्याख्येत ‘प्रमाणजन्य’ ही अट घालायची, तर प्रमाणाची व्याख्याच ‘प्रमेचं करण’ (साधन) अशी असल्याने अन्योन्याश्रय दोष येतो, दोन्ही व्याख्या एकमेकींवरच टेकतात. उत्तर मात्र माझं मला शोधायला ठेवलंत.

तिसरी गोष्ट तुम्ही सभागृहात काढलीच नाहीत. ती आठवडाभर आधी कळवली होती: चौथ्या पानावर ‘ज्ञान’ शब्द घसरला आहे. मराठीत ज्ञान म्हटलं की ते खरंच असायला हवं. न्यायात मात्र अयथार्थ ज्ञानही असतं. तीन ठिकाणी ‘प्रमा’ लिहिलं की युक्तिवाद शाबूत राहतो, हेही सोबत होतं. असा शब्द हाती लागला की कित्येकांना नवकंबलाची आठवण होते. न्यायभाष्यातलं ते छलाचं, म्हणजे बोलणाऱ्याचा शब्द वाकवून त्याला अडवण्याचं, उदाहरण; संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही: अंगावर नवं कांबळं आहे असं कुणी म्हणतो, आणि समोरचा विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! छलात बोलणाऱ्याचा अर्थ स्वच्छ असतो, वाकवतो तो ऐकणारा. इथे तर शब्द माझ्याच हातून निसटला होता, तो भर सभेत धरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. तुम्ही तो आधी दुरुस्त करून घेतलात, म्हणजे दहा मिनिटं मुद्द्यासाठी मोकळी राहिली.

न्यायसूत्रांनी वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा (स्वतःची बाजू न मांडता नुसतं खंडन) वेगळे केले, आणि आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. पुण्यात १९८३ साली मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि इतर तत्त्वज्ञांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलच्या विधान-कल्पनेवर (‘प्रपोझिशन’वर) संस्कृत परंपरेतल्या पंडितांशी संवाद घडवला, त्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडण्याचे कष्ट घेतल्याशिवाय असा संवाद होत नाही. ते कष्ट तुम्ही घेतलेत, आणि तेही एका नवख्या संशोधिकेसाठी. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतला मुलगा अडखळला तेव्हाही तुम्ही “असं विचारायचंय का?” म्हणून त्याचा प्रश्न त्याच्याच हाती सरळ करून दिलात आणि उत्तर माझ्याकडे सोपवलंत. सभ्यपणा तिथेही दिसला.

सुधारलेला मसुदा सोबत पाठवते आहे. ‘प्रमा’ तिन्ही ठिकाणी घातलं आहे, तिसरा भाग दीड पानाने आखडला आहे. तुमची पहिली वाट धरली आहे. परामर्शाबद्दलचा खुलासा सातव्या पानावर आहे आणि तो अजून कच्चा वाटतो. पेन्सिल घेऊनच वाचा.

तुमची कृतज्ञ,
त्या दिवशीची दुसरी वक्त्री